दांडीवरचे आकडे

खोकं सोमवारी सकाळी आलं. आत जुने टॉवेल, आणि टॉवेलांत गुंडाळलेले एका कनेक्टिंग रॉडचे दोन तुकडे. वर शर्यतीच्या गाड्या बाळगणाऱ्या मालकाची चिठ्ठी: ‘पोलाद बदला. याच्यापेक्षा भारी जे मिळेल ते लावा. पोरीच्या खांद्याचं हाड मोडलंय.’

पोरगी म्हणजे त्याची गाडी चालवणारी. सरावाच्या फेरीत, इंजिन पुरतं तापलेलं असताना रॉड मधोमध तुटला, इंजिनाचं पोट फाडून बाहेर आला, तेल मागच्या चाकांखाली सांडलं आणि गाडी भिंतीवर गेली. हाडावर निभावलं, हे नशीबच म्हणायचं.

धाकट्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. त्याला सगळे धाकटाच म्हणत. वय बावन्न, डोक्यावरचे केस मोजून घ्यावेत इतके, पण थोरला भाऊ डोक्यावर आहे तोवर धाकटेपणातून माणसाची सुटका नसते. दादा चौसष्टचा. वडील गेल्यावर दादाने शिक्षण सोडून कारखाना सांभाळला आणि धाकट्याला धातुशास्त्र शिकायला धाडलं. तो शिकून परतला तेव्हापासून कामाची वाटणी ठरलेली: पोलाद धाकट्याचं, हात दादाचा. कुठलं पोलाद घ्यायचं, किती तापवायचं, तेलात कधी विझवायचं हे धाकटा ठरवणार. तिथून पुढे घासणं, जुळवणं, आकडे ठोकणं दादाचं. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एकदा खुपसलं होतं, तेव्हा दोघे भाऊ महिनाभर वहिनीच्या मार्फत बोलत होते. शेवटी ‘मी काय पोस्टमन आहे?’ म्हणून तिने दोघांनाही झाडलं, आणि नियम कायमचा पक्का झाला.

वहिनीसुद्धा कारखान्यातलीच. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत तिचा तराजू होता. एका इंजिनाचे आठही रॉड ग्रॅमच्या आत एकमेकांशी जुळावे लागतात, नाहीतर इंजिन हादरतं. ती प्रत्येक रॉड तोलायची, वहीत लिहायची आणि पसंत पडला नाही तर बिनदिक्कत परत पाठवायची. तिच्या तराजूपुढे दादाचंही काही चालत नसे.

रॉड तसा साधा दिसतो. वीतभर लांबीची दांडी, वरच्या टोकाला लहान भोक, खालच्या टोकाला मोठं. वर पिस्टन, खाली क्रँक. शर्यतीच्या इंजिनात तो मिनिटाला नऊ हजार वेळा ओढला जातो आणि तितक्याच वेळा दाबला जातो. चालतो तोवर त्याचं कुणाला नावही माहीत नसतं. मोडला की मात्र जो तो त्याच्याच नावाने खडे फोडतो.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत कारखान्यात एकच पोलाद चालायचं. निकेल, क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम, वडिलांच्या काळापासूनचं. दादा त्याला सोशीक म्हणायचा. मग याच मालकाने हलके रॉड मागितले. धाकट्याने तक्ते काढले, आकडेमोड केली आणि एक नवं पोलाद निवडलं. त्यात सिलिकॉन भरपूर, व्हॅनेडियम चिमूटभर, आणि ताकद जुन्याच्या दीडपट. एका रॉडमागे चाळीस ग्रॅम वाचले. दादाने पहिल्याच तुकड्यावर कानस चालवून पाहिली, ती घसरली. ‘तिखट आहे,’ एवढंच म्हणून त्याने तुकडा खाली ठेवला. पोलाद धाकट्याचं होतं, त्यामुळे पुढे काही बोलला नाही.

आता त्याच तिखट पोलादाचे दोन तुकडे धाकट्याने खिडकीशी नेले आणि भिंग लावलं.

तुटलेलं पोलाद वाचता येतं. चीर एकदम पडत नाही. ती एका ठिकाणी सुरू होते, रोज थोडी सरकते, आणि पाणी ओसरताना काठावर रेषा सोडतं तशा मागे रेषा सोडते. त्या रेषांवरून उलट मागे गेलं की चिरेचा जन्म सापडतो. धाकटा मागे मागे गेला. रेषा बारीक होत गेल्या आणि एका बिंदूशी येऊन संपल्या. तो बिंदू दांडीवर ठोकलेल्या आकड्यात होता, सातच्या कोपऱ्यात.

त्याने भिंग पुसलं आणि परत बघितलं. सात तिथेच होता. जरा कलंडलेला, आणि एक पाय नको इतका खोल गेलेला.

रॉडवर आकडा लागतोच. खालचं मोठं भोक दोन अर्धुकांचं असतं. रॉड आणि त्याची कॅप, म्हणजे खालचं सुटं अर्धुक, एकत्र कोरतात, एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही. म्हणून जोडीजोडीला एकच आकडा. वडील तो बोल्टाशेजारच्या अरुंद कडेवर ठोकायचे, तिथे ताण नसतो. दादाही तिथेच ठोकायचा. धाकट्याने कपाटातून दहा वर्षांपूर्वीचा एक रॉड काढला. कडेवर करंगळीच्या नखाएवढ्या जागेत तीन आकडे, छापल्यासारखे सरळ.

दांडीवर आकडे कधीपासून आले, हे आठवायला त्याला फार वेळ लागला नाही. दीडेक वर्षापूर्वी दादा जेवताना म्हणाला होता, ‘आता आकडे दांडीवर मारतोय. मोठे दिसतात, वाचायला बरं.’ धाकटा मान खाली घालून जेवत होता. ‘हं,’ म्हणाला होता. पोलाद जितकं कडक तितकं ते ओरखड्याला हळवं, हे ज्याने परीक्षेत चार पानं भरून लिहिलं होतं आणि वर्गात पहिला आला होता, तो हाच शहाणा. त्यानंतर त्याने दांडीवरचे आकडे शंभरदा तरी पाहिले असतील. एकदा मनात आलंही होतं. पण दादाच्या हाताला टोकायचं कुणी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

पण दादाने जागा बदलली कशाला, हा प्रश्न उरलाच. धाकटा भिंग हातात घेऊनच दारापर्यंत आला. पलीकडच्या टेबलाशी दादा एका साध्या पट्टीवर काहीतरी ठोकत होता. डाव्या हातात आकडा उमटवायचा पंच. पंच धरलेला हात त्याने टेबलाच्या कडेवर दाबून धरला होता, आणि दाबूनसुद्धा पंचाचं टोक जागेवर राहत नव्हतं. दादा थांबला. इकडेतिकडे बघितलं. मग उजव्या हाताने डावं मनगट गच्च आवळून तो तसाच उभा राहिला, कळ ओसरण्याची वाट बघत असल्यासारखा.

धाकटा मागे सरकला. त्याला सगळं समजलं, आणि समजल्याबरोबर ते समजायला नको होतं असं वाटलं. अरुंद कडेवर आता दादाचा हात ठरत नव्हता. रुंद दांडीवर निदान आकडा कुठेतरी बसत होता.

‘काही सापडलं का रे?’ दुपारी दादाने विचारलं.

‘अजून बघतोय,’ धाकटा म्हणाला.

मंगळवारी दादाने पुन्हा विचारलं, बुधवारी पुन्हा. धाकटा बघतच होता. खरं म्हणजे तो दमला होता. भट्टीशी उभं राहून, मालकाच्या फोनांना उत्तरं देऊन, आणि सगळ्यात जास्त दादाच्या हातांकडे न बघण्याचा प्रयत्न करून. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्या हातांनी आपल्याला वाढवलं त्या हातांचा दोष कागदावर लिहायचा कसा? दादाकडून आकडे काढून घेतले तर दादाकडे उरणार काय? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्याने मूठ झाकून धरली आणि मनात एक बेत केला. मालकाने अपघाताआधीच मागवलेला नवा आठ रॉडांचा संच, तिखट पोलादाचाच, जवळजवळ तयार होता. आकडे ठोकणं हे शेवटचं काम, ते शनिवारी. तोवर ‘मालकाला यापुढे आकडे आम्लाने कोरून हवेत’ असं काहीतरी सांगायचं. कुणाचं मन दुखवायला नको.

आणि तरीही गुरुवारी सकाळी तो तुकडा घेऊन बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला. पोलादात घाण सापडावी, गंधक जास्त निघावं, तापमान चुकलेलं निघावं; काहीही निघावं. आपण निवडलेलं पोलाद खराब असावं अशी इच्छा त्याने आयुष्यात पहिल्यांदा धरली. दोष त्याच्या वाटणीतला निघाला असता तर तो आनंदाने शिव्या खायला तयार होता.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी तीन तासांनी कागद हातात ठेवला. ‘उत्तम माल आहे,’ त्या म्हणाल्या. ‘कुठून घेता?’

तो परतला तेव्हा दुपार कलली होती. दादा दारातच उभा होता, हात पुसत, आणि कधी नव्हे तो खुशीत.

‘आलास? ये, बस जरा. तुझं एक काम हलकं केलंय.’

‘कुठलं काम?’

‘नव्या संचाचे आकडे मारून टाकले. शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? तुझा चेहरा बघवत नाही चार दिवस झाले. म्हटलं, एवढं तरी उरकून टाकावं.’

टेबलावर स्वच्छ कापड अंथरून आठ रॉड ओळीने मांडले होते. आठही दांड्यांवर आकडे होते. एकशे एक्केचाळीस, एकशे बेचाळीस, पुढे तसेच. दादाने बराच जीव लावून काम केलं होतं, ते दिसत होतं. एका ठिकाणी चार घसरला होता, म्हणून त्याच्यावरच पुन्हा चार मारला होता.

धाकटा खुर्चीवर बसला.

‘काय झालं?’ दादा म्हणाला. ‘अरे बोल की. पोलादात काही निघालं?’

‘पोलाद चांगलं आहे.’

‘मग?’

‘दादा, रॉड आकड्यातून तुटलाय. सातच्या कोपऱ्यातून. जुन्या पोलादाने हे सोसलं असतं. हे सोसत नाही.’

दादाने रॉडांकडे बघितलं. मग जवळचा एक उचलला, आकड्यावरून अंगठा फिरवला आणि परत जागेवर ठेवला.

‘घासून काढले तर?’

‘वर निघतील. पण खालचं पोलाद चेपलंय, ते तसंच राहणार. शिवाय दांडी बारीक होईल.’

‘म्हणजे आठही गेले.’

‘गेले.’

‘सहा आठवड्यांचं काम.’ दादा टेबलाला टेकला. ‘तुला कधी कळलं हे?’

धाकट्याला खोटं बोलायचं होतं. खोटं तयारही होतं, हातात प्रयोगशाळेचा आजचा कागद होता. पण दादा त्याच्याकडे असा बघत होता की ते जिभेवर येईना.

‘सोमवारी.’

‘आज गुरुवार आहे.’

‘हो.’

‘सोमवारी तुला कळलं, आणि मी आज सकाळी हे ठोकत बसलो.’ दादाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ‘का नाही सांगितलंस?’

‘तुला वाईट वाटेल म्हणून.’

‘वाईट वाटेल म्हणून,’ दादा म्हणाला. ‘मी काय कुकुलं बाळ आहे का रे? चौसष्ट वर्षांचा घोडा आहे मी.’

काचेच्या खोलीचं दार उघडून वहिनी बाहेर आली होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. मग दादाने असा प्रश्न विचारला, जो धाकट्याने चार दिवस मनात येऊ दिला नव्हता.

‘अशा आकड्यांचे, याच पोलादाचे, अजून किती बाहेर आहेत?’

धाकट्याने मनात हिशोब केला. आकडे दांडीवर आल्याला दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात संच काही एकच गेला नव्हता. तो दादाचं मन सांभाळत बसला होता, आणि तिकडे कुठेतरी माणसं त्या इंजिनांच्या मागे बसून गाड्या पळवत होती.

वहिनी आत जाऊन वही घेऊन आली. तिने बोट फिरवत पानं उलटली. ‘तीन संच,’ ती म्हणाली. ‘चोवीस रॉड. मधला संच ज्याने नेला त्याची रविवारी शर्यत आहे. परवाच फोन आला होता, खूश होता.’

‘त्याला आधी लाव,’ दादा म्हणाला.

‘मी बोलतो,’ धाकटा उठला. ‘दादा, मी सांगतो त्यांना. पोलाद मी निवडलं होतं. हे पोलाद कुणाच्या हातात जाणार, त्याच्यावर काय काय होणार, याचा मी विचारच केला नाही. नुसते तक्ते बघितले. दोष माझाही आहे, मी तेवढंच सांगेन.’

‘तू बस,’ दादा म्हणाला. ‘तू तुझं नंतर सांग. आकडे माझे आहेत.’

वहिनीने नंबर फिरवला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. दादाने तो स्वतःच्या हातात घेतला. तो कानाशी नीट राहीना म्हणून दुसऱ्या हाताने आधार दिला.

‘नमस्कार. रॉडच्या कारखान्यातून थोरला बोलतोय. ऐका, रविवारी ते इंजिन चालवू नका. आजपासूनच चालवू नका. दांडीवर जे आकडे आहेत तिथून रॉड तुटू शकतो. एक तुटलाय. नाही, पोलाद चांगलं आहे. आकडे चुकीच्या जागी ठोकले गेले. मी ठोकले. माझा हात थरथरतो, कडेवर मारता येत नव्हते, म्हणून दांडीवर मारले.’ पलीकडचा बराच वेळ बोलत राहिला. दादाने सगळं ऐकून घेतलं. ‘बरोबर आहे तुमचं,’ तो म्हणाला. ‘अगदी बरोबर आहे. पण इंजिन उघडा.’

ज्या वाक्याच्या भीतीने धाकट्याने चार दिवस झोप घालवली होती, ते दादाने एका दमात म्हणून टाकलं. दुसऱ्या फोनवर त्याने ते पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्या फोनवर पुन्हा. शब्द तेच होते. फक्त दर वेळी आवाज थोडा बसत गेला.

चौथा फोन चिठ्ठीवाल्या मालकाला. दादाने आधी पोरीची चौकशी केली, मग तेच सांगितलं. मालक ओरडला ते टेबलाच्या पलीकडेही ऐकू आलं. मग तो काहीतरी विचारत राहिला, तेव्हा दादाने फोन धाकट्यापुढे धरला.

‘पोलाद कुठलं लावणार, विचारतोय. हे तुझं आहे.’

धाकट्याने फोन घेतला. त्याच्या डोक्यात सगळे तक्ते पाठ होते. तिखट पोलाद चूक नव्हतं. आकडे योग्य जागी, आम्लाने, हलके कोरले तर ते अजूनही चाललं असतं. पण मालकाच्या मेकॅनिकचा पाना कधी निसटेल, कुणी रॉड फरशीवर ठेवेल, कुणी घाईत कानस चालवेल, हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नव्हतं.

‘जुनं,’ तो म्हणाला. ‘वडिलांच्या वेळचं. दांडी जाड होईल.’

‘वजन?’

‘रॉडमागे चाळीस ग्रॅम वाढेल.’

‘म्हणजे आठाचे तीनशे वीस! अहो, शर्यत हरेल ती!’

‘हरेल कदाचित,’ धाकटा म्हणाला. मालकाने फोन आपटला.

तिघेही टेबलाभोवती बसले. भट्टी थंड होत होती. आठ रॉड अजून कापडावर तसेच होते आणि ते उचलायची कुणालाच ताकद नव्हती. धाकट्याला दादाची माफी मागायची होती, पण नेमकी कशाकशाची मागायची याची यादी मनात लांबत चालली होती. शेवटी तो नुसतंच म्हणाला, ‘दादा, चुकलं माझं.’

‘चुकलंच,’ दादा म्हणाला. ‘माझंही.’

मग तो वहिनीकडे वळला. चार वेळा तिने ते वाक्य ऐकलं होतं आणि चारही वेळा तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. ते त्याच्या आता ध्यानात आलं.

‘तुला माहीत होतं?’

वहिनीने वही मिटली.

‘दीड वर्ष झालं, तुमचा चहाचा कप मी अर्धाच भरतेय,’ ती म्हणाली. ‘आणि तुम्ही मुकाट्याने दुसरा मागून घेताय.’

इतके दिवस खिशात नाहीतर टेबलाखाली असायचे ते दोन्ही हात दादाने वर काढले आणि कापडावर, त्या रॉडांच्या शेजारी ठेवले. ते थरथरत होते. वहिनीने आणि धाकट्याने ते पहिल्यांदाच उघडपणे बघितले.